‘ले’चा ‘ला’

खुशालरावांनी ठरवलं ते एवढंच, की बायकोच्या नाटकातलं शुद्धलेखन जरा तपासून द्यावं. (न मागता उपकार करायची खोड त्यांना कारकुनीपासूनची. साहेबांच्या सहीखालीसुद्धा ते लाल शाईनं अनुस्वार देत. बढती मिळाली नाही ती उगाच नाही.)

जमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच नाटक लिहिलं होतं, तेही ठसठशीत वऱ्हाडीत. नाव ‘लेक आमची आयकत नाई’. भातकुलीच्या महिला मंडळाचा प्रयोग रविवारी अकोल्याला होता. नाटकाची फाइल मात्र घरात नव्हती. जावई रोहितचा अकोल्यात बियाण्यांचा धंदा. त्याचं सगळं ऑफिस भाड्याच्या क्लाउड मशीनवर चालायचं आणि त्यातच त्यानं सासूबाईंना एक फोल्डर दिलं होतं. उघडायचं भातकुलीत, पण कागद वर ढगात.

पहिल्याच पानावर खुशालरावांना ‘मले’ दिसलं, मग ‘तुले’, मग ‘त्याले’. हातानं किती दुरुस्त करणार? आधी त्यांनी लेखिकेच्या नावाखाली ‘सोबत : शुद्धलेखन’ अशी ओळ घातली (स्वतःचं नाव विनयानं गाळून). मग कम्प्युटरला हुकूम सोडला : जिथे ‘ले’ तिथे ‘ला’. कम्प्युटर सरकारी नोकरीत नसल्यामुळे त्यानं तो ताबडतोब पाळला. फाइल सेव्ह झाली. पहिलं पान पत्रकासाठी प्रेसला गेलं. (न वाचता. शुद्ध झालेलं काय वाचायचं?)

संध्याकाळी जमुनाबाई तालमीसाठी वाचायला बसल्या.

“अवो, हे लाक कोण हाय?”

“कुठली लाक?”

“‘लाकीला लाकरू झाला, व्याही आला, जेवून गेला.’ व्याह्यायले अरेतुरे? आन् इथं पाहा, ‘आजोबा मेला’! मायी नाटकातली पोरगी आज्याले शिव्या देऊन राहिली का?”

“प्रमाणभाषेत किरकोळ दोष राहतात. उलटं करतो, त्यात काय?”

त्यांनी ‘ला’चा ‘ले’ केला. लेक परत आली. पण लाडूचे लेडू झाले, लाज होती तिची लेज झाली, आणि अकोला होतं त्याचं ‘अकोले’ झालं. हेही सेव्ह झालं.

“लेज वाटत नाई तुमाले?” जमुनाबाई म्हणाल्या. “परवा नाटक हाय! आन् कावून बदलवलं? आमी जशा बोलतो तशाच बोलू. ज्याले समजत नसन त्यानं कान धुऊन यावं!”

खुशालरावांनी फोन लावला. जन्मभर जपलेली प्रमाणभाषा तिथंच सुटली.

“जावईबापू, मले वाचवा!”

“‘मला’ म्हणा, मामाजी,” रोहित म्हणाला. (बातमी आधीच पोचली होती.) “रोज रातच्याले पुऱ्या मशीनचा बॅकअप होते. पण अख्खं मशीन मागं नेलं, त आमच्या ऑफिसचं आजचं सारं काम जाईन.”

“जावईबापू,” जमुनाबाईंनी फोन ओढला, “एका वांग्यासाठी वावर उपटता का?”

“नाई न, मामी. मशीनले हातच नाई लावत. बॅकअपमधली जुनी डिस्क बाजूले उघडतो आन् त्यातून तुमची एकच फाइल उचलतो. बाकी सारं जिथल्या तिथं. कोणत्या दिवसाची पायजे?”

“शुद्ध होण्यापूर्वीची,” खुशालराव मागून म्हणाले.

“नासवाच्या आधीची,” जमुनाबाई म्हणाल्या.

तासाभरात नाटक परत आलं. मले, तुले, लाडू, लाज, सगळं शाबूत. पण खुशालराव हटले नाहीत. “मी चुकलो नाही. कम्प्युटरला व्याकरण येत नाही, त्याला मी काय करू?”

रविवारी अकोल्यात नाटक असं रंगलं, की जमुनाबाईंच्या प्रत्येक ‘कावून’ला टाळ्या पडल्या. खुशालराव पहिल्या रांगेत ताठ बसून होते. पडदा पडल्यावर निवेदकानं छापलेलं पत्रक हातात घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“या नाटकाच्या लाखिका, जमुनाबाई! आणि त्यांच्या सोबतीला... शुद्ध लाखन! कोण हायेत हे लाखनभाऊ? समोर या, लाजू नका!”

कोण हा लाखन, म्हणून खुशालरावांनीही मान वळवून मागं पाहिलं.

“अवो, मागं काय पाहता?” जमुनाबाई माइकवरूनच म्हणाल्या. “उठा! तुमालाच बोलावून राहिला.”