सात नंबरच्या दाराशी शेवटचा कोण?

कामागुएयमधल्या आमच्या प्रभागाच्या दवाखान्यात दर गुरुवारी, सात नंबरच्या खोलीत, पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारींवर उपचार होतात. पाटीवर तसं लिहिलेलं नाही. पाटीवर फक्त ‘विशेष सल्ला’ असं आहे, त्यामुळे सगळ्या शहराला माहीत आहे.

आमच्या क्युबात रांग म्हणजे एकामागे एक उभं राहणं नव्हे. येणारा विचारतो, “शेवटचा कोण?” शेवटचा हात वर करतो, नवा माणूस त्याच्या मागचा होतो आणि सगळे सावलीत गप्पा मारत बसतात. पाव घ्यायचा असो की दाढ काढायची असो, देश या एका प्रश्नावर सुरळीत चालतो. सात नंबरसमोर तो बंद पडला.

रेम्बेर्तो कासान्यास हा बस दुरुस्तीच्या कारखान्यातला फोरमन, वय चोपन्न. आठ महिने तो बायको झोपेपर्यंत रेडिओवर बेसबॉल ऐकत बसायचा, सामने नसलेल्या दिवशीसुद्धा. शेवटी बायकोने, नेरेइदाने, त्याला गल्लीतल्या डॉक्टर ओदालिसकडे नेलं.

“हे बरं होतं का हो?” नेरेइदाने विचारलं. रेम्बेर्तो भिंतीवरचं बाळांच्या लसींचं वेळापत्रक मन लावून वाचत होता.

“बहुतेकांना गुण येतो. गोळ्या आहेत, दुसरेही उपाय आहेत. पण आधी साखर, ब्लडप्रेशर आणि हृदय तपासायचं. सिगारेटी किती, रेम्बेर्तो?”

“दोन.”

“पाकिटं,” नेरेइदा म्हणाली.

“तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, म्हणून त्या आधी कुरकुरतात. हृदयाची पाळी मागाहून येते. वडील कशाने गेले तुमचे?”

“हृदयानेच,” रेम्बेर्तो म्हणाला. “पंचावन्नाव्या वर्षी.”

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. खोली सात, गुरुवार.

त्या गुरुवारी बाहेर अकरा पुरुष बसले होते. त्यांत मीही होतो, पण माझं कारण वेगळं होतं. त्या बाकावर वारा छान लागतो.

“शेवटचा कोण?” रेम्बेर्तोने पुटपुटत विचारलं.

एकही हात वर गेला नाही. “मी मेव्हण्याला घेऊन आलोय,” अर्सेनियो न्हावी म्हणाला. शेजारी बसलेला मेव्हणा म्हणाला, “आणि मी याला.” एकजण पंखा दुरुस्त करायला आला होता. तिथे पंखा नव्हता.

“आणि तू रे?” कुणीतरी विचारलं.

“मी ब्लडप्रेशरची खोली शोधतोय,” म्हणत रेम्बेर्तो बसला.

दर दहा मिनिटांनी नर्स दार उघडून “पुढचा!” म्हणायची आणि बारा माणसं छताकडे बघायची. दुपारी नोंदवहीत लिहिलं गेलं: रुग्ण, शून्य.

असे सहा गुरुवार गेले. आमचे संचालक लेओविखिल्दो यांनी ती सहा शून्यं एका तक्त्यावर मांडली आणि निष्कर्ष काढला की हा विकार प्रभागातून समूळ नष्ट झाला आहे. वरच्या कार्यालयाने ‘दुर्बलतामुक्त प्रभाग’ असा ध्वज मंजूर केला. ध्वज ठेवायला जागा हवी होती, आणि रिकामी खोली एकच होती, सात नंबरची. पुढच्या गुरुवारनंतर ती बंद होणार असं ठरलं. आम्ही बाराही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला आजही त्याची लाज वाटते.

शेवटच्या गुरुवारी रेम्बेर्तोच्या मागोमाग नेरेइदा आली. जिन्यावर दोनदा थांबून छाती चोळणाऱ्या नवऱ्याला तिने पाहिलं होतं.

“शेवटचा कोण?” तिचा आवाज थेट दाढेच्या खोलीपर्यंत गेला.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

“म्हणजे रांगेत कुणीच नाही ना? मग पहिला माझा नवरा. ऊठ रे म्हाताऱ्या.” तिने त्याला खांद्याला धरून आत ढकललं.

दार लागलं आणि मग बाहेर एकच गदारोळ उठला. “अहो वहिनी, ही काय पद्धत झाली? रांग आहे इथे!” “मी सहापासून बसलोय!” “आणि मी सहा गुरुवार!” मेव्हणे-मेव्हणे एकमेकांच्या आधी असल्याची शपथ घेऊ लागले.

आरडाओरडा ऐकून संचालक धावत आले. “प्रभागात एक रुग्ण निघाला?”

“नाही साहेब,” नर्स म्हणाली. “बारा.”

साहेब खुर्चीत बसले, त्यांनी ध्वजाकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने नोंद केली: रुग्ण शून्य, पंखादुरुस्तीचे अर्ज बारा. दुरुस्ती बाकी असलेली खोली बंद करता येत नाही, त्यामुळे खोली सात आजही चालू आहे, आणि ध्वज बाहेर व्हरांड्यात फडकतो आहे.

रेम्बेर्तोच्या हृदयाची एक नळी तुंबलेली निघाली, वेळेत उघडली गेली. सिगारेटी सुटल्या. परवा त्याला छप्पन्नावं लागलं. रेडिओ आता फक्त सामन्याच्या दिवशी लागतो, आणि तोही लवकर बंद होतो, असं शेजारी सांगतात.

मी मात्र अजून बाकावरच आहे, वाऱ्यासाठी. आणि तुम्ही हे सगळं शेवटपर्यंत वाचलंत ते मेव्हण्यासाठी, हे मी समजू शकतो. गुरुवारी या. शेवटचा कोण म्हणून विचारा. या खेपेला मी हात वर करीन. माझ्या मागे तुम्ही.