कप औंदाच, म्हाराजा!

आम्ही ०, ते ०

तुम्हाला म्हणून सांगतो, पडलेला संघ उभा कसा करायचा हे मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! म्हणून तर कॉलेजने मला फुटबॉलचा कोच नेमलं. मुलाखतीत मी प्राचार्य वसुधा मॅडमना फळ्यावर लिहूनच दाखवलं. पहिल्या वर्षी नीट हरायला शिकायचं, दुसऱ्या वर्षी बरोबरी, तिसऱ्या वर्षी कप.

"तीन वर्षं?"

"पाया घालायला वेळ लागतो, मॅडम."

"घाला. करार मात्र एका वर्षाचा. पुढचं पुढे बघू."

मी हसलो. अहो, चक्क हसलो!

जुना अख्खा संघ काढला, नवी पोरं घेतली. गोलकीपर प्रांजल चेंडू आला की आधी डोळे मिटायचा, मग रिक्षाला करतात तसा हात करायचा. चेंडूही रिक्षासारखाच न थांबता निघून जायचा!

आम्ही ०, ते ०, मध्ये देव

पहिला सामना नाहूरच्या मैदानावर. माजी विद्यार्थ्यांची फौज हजर. म्होरक्या देवेश, बारा वर्षांपूर्वी कप जिंकलेल्या संघाचा कॅप्टन. त्यानंतर त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली. बोलतो अजून त्या कपाबद्दलच.

"सर, औंदा कप ना?"

"तिसऱ्या वर्षी."

"तेच म्हणतो मी. औंदा!"

मैदानाला पंचवीस वर्षं चुना मारून निवृत्त झालेले धाकूकाका नारळ घेऊन पुढे आले. सामन्याआधी गाऱ्हाणं घालायचंच, हा कॉलेजचा नियम. सगळे हात जोडून उभे राहिले.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांच्या तंगड्यांत बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"औंदा कप नाय इलो, तर ह्यो कोच आपणहून घराक जायत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

आता काय सांगू! मी मालवणी घरातला. गाऱ्हाणं सुरू झालं की शब्द कोण ऐकतो? काका थांबले की आपण ओरडायचं, हे आम्ही पाळण्यात शिकतो. माझं सगळं लक्ष डाव्या बाजूच्या बचावाकडे होतं.

आम्ही ०, ते ६

सामना संपायच्या आत गाऱ्हाण्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर! खाली देवेशची ओळ: 'सरांनी देवाला शब्द दिला!' रात्रीपर्यंत आमच्या सासुरवाडीलाही कळलं. बायको सुलक्षणा म्हणाली, "घरी कधी येणार विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. देवासमोर बरा फुटला!"

दुसऱ्या दिवशी काकांना गाठलं.

"काका, मी सवयीने ओरडलो हो!"

"देवाक काय म्हायत? त्येणा ऐकल्यान."

"मग शब्द मागे घ्यायचं गाऱ्हाणं घाला."

"नारळ तुमचो?"

"माझा!"

आम्ही ०, ते ४

दुसऱ्या सामन्याआधी तीच मंडळी, तसेच हात जोडलेले.

"ह्या सरांची जीभ घसारली. तो शब्द मागे घेवक दी रे म्हाराजा!"



साठ माणसं, पण एक तोंड उघडेना! 'व्हय' आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. देवेश आकाशात विमान शोधायला लागला. शेवटी गोलजवळून प्रांजल बारीक आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा..."

"मेजॉरिटी नाय," धाकूकाकांनी निकाल दिला आणि नारळ माझ्या हातात परत ठेवला.

आम्ही १, ते १

पण संघ जमत होता, यार! तिसऱ्या सामन्यात एक-दोनने हरलो. शेवटच्यात बरोबरी! प्रांजलने एक डोळा उघडा ठेवायला सुरुवात केली होती. फळ्यावरच्या हिशेबाने आम्ही एक वर्ष पुढे होतो! मी धावत देवेशकडे गेलो.

"बघितलंस? बरोबरी!"

"झकास, सर. कप कुठाय?"

वसुधा मॅडमनी चहा मागवला, तेव्हाच कळलं. एरवी त्या पाणीही विचारत नाहीत.

"सर, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"थँक्यू, मॅडम!"

"पण लोकांच्या भावना असतात. आणि आपणहून जाईन, असं तुम्हीच म्हणालात. देवाच्या आणि तुमच्या मध्ये कॉलेज कसं पडणार?"

कराराचा कागद दुमडून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. हा एकच कप त्या वर्षी आला.

आम्ही २, ते १

पुढच्या वर्षी कॉलेजचा अंतिम सामना होता. बायकोला मरोळला काम आहे सांगून गेलो. मैदानात अकराच्या अकरा पोरं मी निवडलेली. शेवटच्या मिनिटाला प्रांजलने दोन्ही डोळे उघडे ठेवून पेनल्टी अडवली, आणि मी कुंपणाच्या जाळीला धरून असा किंचाळलो की शेजारचा माणूस दोन पावलं सरकला.

शिट्टी वाजली. कप आला! देवेशने नव्या कोचला खांद्यावर घेतलं. तीन महिन्यांपूर्वी आलेला सज्जन माणूस, पोरांची नावं चुकतो. खांद्यावर बसून तो सगळ्यांना सांगत होता, "पाया पक्का हवा!"

वाटलं, जाळी ओलांडावी, आत जावं, एकदा तरी... तेवढ्यात पाठीत बोट टोचलं. कॉलेजचा टी-शर्ट घातलेली मुलगी, मोबाईल वर धरलेला.

"काका, जरा बाजूला व्हा ना! कोच दिसत नाहीयेत."

झालो. फोटो चांगला आला असावा.