इनायत पेंटरच्या भेटीला

माणूस ठणठणीत असतो तोवर तो स्वतःचा असतो. आजारी पडला की सार्वजनिक मालमत्ता होतो. रस्ता, हापसा आणि शाळेचं पटांगण यांच्यावर जसा सर्वांचा हक्क, तसाच त्याच्या उशापायथ्यावर. ही व्यवस्था कोणत्याही सरकारनं कायदा करून आणलेली नाही, आणि म्हणूनच ती इतकी चोख चालते.

मूल गावचा इनायत पेंटर या व्यवस्थेत दाखल झाला तो दोन हजार चारच्या हिवाळ्यात, धानाचा हंगाम ऐन भरात असताना. बाजारातल्या निम्म्याअधिक पाट्या त्याच्या हातच्या. त्या दिवशी तो एका राईस मिलच्या भिंतीवर शिडी लावून नाव रंगवत होता. 'राईस' झालं. 'मिल'ची वेलांटी काढायला गेला, तर उजवा हात वर जाईना. इनायतनं हाताकडे पाहिलं. हात कोणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. खालच्या हमालाला 'शिडी धर' म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर आतून नुसता आवाज निघाला, शब्द नाही. मग तो पडला. पडला तो कोंड्याच्या ढिगावर, त्यामुळे हाड वाचलं.

जमलेल्या मंडळींनी प्रथमोपचार तत्परतेनं सुरू केला, म्हणजे नाकाला चप्पल लावली. मिरगीशिवाय अन्य आजारात चपलेचा उपयोग काय, यावर मतभेद आहेत. पण चप्पल हाताशी होती. हमालाच्या चपलेचा गुण येईना तेव्हा मुनीमजींची लावली. तिचाही येईना, तेव्हा कुठं जीप मागवण्यात आली.

चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टर मंजुषा नावाच्या बाई होत्या. मेंदूचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी इनायतच्या बायकोला, आबिदाला, खाटेजवळच बसवून समजावलं. इनायतला सगळं ऐकू येत होतं आणि समजतही होतं. फक्त बोलता येत नव्हतं. (पुढं त्याच्या लक्षात आलं, की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात.)

"डाव्या बाजूला गुठळी अडकली, तेवढा भाग गेला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण खरी काळजी आता पुढची आहे. जखम झाली की शरीराचे शिपाई तिकडे धावतात. मेलेलं उचलायला ते लागतातच. पण मेंदूत ते गर्दी करतात, सूज वाढते, आणि कवटी काही पसरत नाही. मग शेजारचा चांगला भागही दबतो."

"मंग त्या शिपायांले थांबवता नाई येत?" आबिदानं विचारलं.

"सगळ्यांना थांबवलं तर साफसफाई कोण करणार? आणि पुढं दुरुस्तीलाही त्यांच्यातलेच काही लागतात. कोणाला कधी थांबवायचं, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही. आणखी एक. हाच जखमी मेंदू बाकीच्या शरीराची राखण ढिली करून टाकतो. म्हणून खोकलणारा माणूस यांच्याजवळ नको. आणि घोट नीट गिळता येत नाही तोवर तोंडानं पाणी नको. नळीतूनच."

"थेंबभर बी नाई?"

"थेंबभर बी नाई. श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होईल."

'कोणालाच माहीत नाही' हे बाईंनी बोलायला नको होतं. कारण बाहेर व्हरांड्यात ज्यांना माहीत होतं अशी पुष्कळ माणसं जमलेली होती.

त्यांना जमवण्याचं श्रेय आबिदाचा मोठा भाऊ मुजफ्फर याचं. त्याचं चंद्रपुरातच कापडाचं दुकान होतं. ज्याच्या दवाखान्यात गर्दी नाही त्याच्या घराण्यात काहीतरी कमी आहे, असं त्याचं मत होतं. त्यानं एसटीडी बूथवर बसून मूल, ऊर्जानगर, थेट एटापल्लीपर्यंतच्या सोयऱ्याधायऱ्यांना कळवलं. "उद्या कोणी म्हणू नये का आमाले सांगतलं नाई," तो म्हणाला, आणि तसं कोणीही म्हणालं नाही.

भेटणाऱ्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. रडणारे, सांगणारे आणि उपाय करणारे. रडणारे निरुपद्रवी, त्यांना फक्त खुर्ची लागते. सांगणाऱ्यांपैकी शेकडा नव्वद जणांचा एक नातलग याच आजारात गेलेला असतो. उरलेल्या दहांचे दोन गेलेले असतात. नातलग कसा गेला, हे ते रुग्णाच्या उशाशी उभं राहून, रुग्णाला हुरूप यावा म्हणून, तपशीलवार सांगतात. इनायतनं डोळे मिटून एकूण किती मरणं ऐकली याची मोजदाद नाही. आणि त्याच्याबद्दल सगळे भूतकाळात बोलत. "लय चांगला माणूस होता. काय वेलांटी काढे!" 'अजून आहे' असं म्हणायला इनायत रोज निघे. शब्द आत धडधाकट असे. ओठांपर्यंत येताना मऊ पडे.

उपाय करणारे मात्र कर्ते लोक. त्यांच्यातच मुखरू होता, मूलजवळच्या खेड्यातला धानकरी. त्याच्या खासरावर, म्हणजे छोट्या बैलगाडीवर, इनायतनं एकदा नाव घालून दिलं होतं, तेव्हापासूनची दोस्ती. तो पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आला. कबुतराच्या गरम रक्तानं मालिश केली की लकवा उतरतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. फाटकावरच्या चौकीदारानं पिशवी उघडायला लावली आणि कबूतर उडून गेलं. मुखरू तिथंच थोडा वेळ वर पाहत उभा राहिला आणि मग आत न येताच परत गेला.

गुणवंतरावांना कोणी अडवलं नाही. ते मूलचे निवृत्त मुख्याध्यापक; त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं आणि त्या आठवड्यात त्यांना खोकलाही होता. त्यांनी आधी डॉक्टरबाईंनाच तपासून पाहिलं.

"सुजेवर सुई असते ना बाई? आमच्या साडूच्या गुडघ्याले एकाच सुईनं फरक पडला. इथी काऊन देत नाई?"

"ती सूज वेगळी, ही वेगळी," बाई म्हणाल्या. "त्या सुईनं इथं फायदा होत नाही, छातीची राखण मात्र आणखी कमी होते."

गुणवंतरावांनी मान डोलावली. नापास होणार हे ठरलेल्या विद्यार्थ्याचं उत्तर ते असंच ऐकून घेत.

दुपारी आबिदा औषधं आणायला खाली गेली. गुणवंतरावांनी इनायतचे कोरडे ओठ पाहिले आणि त्यांचं मन भरून आलं. हे खोटं नव्हतं. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. ऊर्जानगरहून कोणीतरी आणलेलं शहाळं कोपऱ्यात होतं. त्यांनी चमचा घेतला. इनायतनं ओठ गच्च मिटायचा प्रयत्न केला, पण अर्धेच मिटले. त्यानं डावा हात उचलला.

"पाहा, हात जोडून राह्यला बिचारा," गुणवंतराव गहिवरून म्हणाले, आणि उघड्या बाजूनं चमचा आत घातला.

पाणी जिथं जायला नको तिथं गेलं. इनायत बारीक, दमलेल्या आवाजात खोकू लागला. "खोकून राह्यला," व्हरांड्यातून कोणी म्हणालं. "म्हंजे ताकद येऊन राह्यली." दुसरा चमचा देण्यात आला.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. श्वासाबरोबर छातीत काहीतरी खरखरू लागलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला, आणि इनायतला पहिल्यांदाच वाटलं की भूतकाळात बोलणाऱ्यांचं बरोबर असावं. रुग्ण अत्यवस्थ असल्याची बातमी मूलला पोचताच भेटणारे दुप्पट झाले. मुजफ्फरला जीप ठरवावी लागली. दवाखान्याची चूक झाली यावर सर्वांचं एकमत होतं. शहाळ्याचा विषय निघाला नाही.

आबिदानं नवऱ्याकडे पाहिलं, मग दारातल्या डोक्यांकडे पाहिलं. "डॉक्टरबाई," ती हळूच म्हणाली, "तुमी ते शिपाई म्हटलं होतं ना, मदतीले येऊन जीव घेणारे. त्याइले डॉक्टरकीत सोयरे म्हणते का?"

बाईंना हसू आलं, पण छातीचा फोटो हातात असल्यामुळे त्या हसल्या नाहीत.

आबिदा व्हरांड्यात गेली. ती कमी बोलणारी, भावापुढं तर कधीच मान वर न करणारी. "भाईजान," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याइच्या छातीत जे झालं ना, ते लागते म्हंतात. जवळ बसलं का लागते."

मुजफ्फरनं डॉक्टरबाईंना गाठलं. "खरंच लागते का?"

बाईंनी एकदा आबिदाकडे पाहिलं. "खोकला तर लागतोच," त्या म्हणाल्या.

व्हरांडा रिकामा झाला. जीप भरून परत गेली. माणसाचं माणसावर किती प्रेम असतं आणि ते किती वेगानं पांगू शकतं, हे त्या दुपारी चौकीदारानंही पाहिलं.

इनायत वाचला. औषधांनी वाचला असं डॉक्टरबाई म्हणतात, माझ्या नमाजेनं वाचला असं मुजफ्फर म्हणतो. शांततेचं नाव कोणी घेत नाही. नाकातली नळी निघाली. पाय टेकत, फरफटत का होईना, तो चालू लागला. घरी सोडताना बाई आबिदाला म्हणाल्या, "आता सूज उतरली. आता माणसं हवीत. यांच्याशी बोलत राहा, आणि यांना बोलू द्या. शब्द अडला तर तुम्ही पुरा करू नका. थांबा. मेंदू आता नवी वाट शोधतो आहे, त्याला वेळ लागतो."

आबिदानं सर्व संबंधितांना निरोप धाडले. 'आजार उतरला, बोलाले या.' सर्व संबंधित कामात होते. शिवाय तिचं खोटं तिच्यापेक्षा आधी मूलला पोचलं होतं. चहाच्या टपरीवर इनायतसाठी कानतुटका वेगळा कप ठेवलेला होता. ती रुखमाबाईकडे, म्हणजे शेजारणीकडे, स्वतः गेली. "अवो, तो रोग लागत नाई, मीच उगा बोलली होती."

"तसं नाई बाई," रुखमाबाई समजुतीनं म्हणाली. "पण आता बरा होऊन राह्यला ना तो. मंग पाहाले काय यायचं?"

यात चूक काढायला जागा नाही. मरणारा माणूस दर तासाला बदलतो. बरा होणारा महिनाभर सारखाच दिसतो. त्या रात्री आबिदा चुलीपाशी पाठ करून बराच वेळ बसून होती. इनायतला तिच्याशी बोलायचं होतं. शब्द निघाला नाही.

बाजाराच्या दिवशी मुखरू आला. कबुतराबद्दल तो काही बोलला नाही. ओट्यावर बसला, तंबाखू मळली, आणि इनायतकडे पेरलेल्या धानाच्या बांधीकडे पाहावं तसं पाहत राहिला. म्हणजे उगवेल तेव्हा उगवेल. पुढच्या बाजारीही आला. तो काही विचारत नसे, आणि इनायत बोलायला लागला की उठत नसे. बैलगाडीचं पाणंदीच्या चिखलात रुतलेलं चाक निघायला लागतो तेवढा वेळ एकेका शब्दाला लागे. असे कितीक बाजार गेले. मग एका दुपारी मुखरूनं लोट्यातलं पाणी पुढं केलं, आणि इनायतनं, मधे दोनदा थांबून, आजारानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं.

"मी... मीच... घेतो."

आतून आबिदा धावत आली. मुखरूनं लोटा त्याच्या डाव्या हातात दिला. इनायतनं हळूहळू, हनुवटी खाली घेऊन, स्वतःच्या हातानं घोट घेतला. आबिदा पदर तोंडाला लावून उभी होती. "रडाले काय झालं?" मुखरू म्हणाला. "पाणीच पेऊन राह्यला तो."

पुढच्या दिवाळीपर्यंत इनायतनं दुकान उघडलं. डाव्या हातानं तो अक्षरं काढतो. ती जरा कलतात. तोवर चंद्रपुरात फ्लेक्सची मशीन आली होती, आणि फ्लेक्सची अक्षरं कलत नाहीत. पण खासरावर, नांगरावर, कबरीच्या दगडावर फ्लेक्स लागत नाही, तेवढं काम त्याला पुरतं.

एकदा गुणवंतराव दुकानावरून जात होते. इनायतला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. ते थांबले.

"कसं काय इनायतभाई?"

इनायतनं ब्रश खाली ठेवला. समोरचं स्टूल पुसलं. "ब..." तो म्हणाला. "ब..."

"बरं हाय? वा वा!" गुणवंतराव म्हणाले. "बरंच दिसून राह्यलं!" आणि त्याचा खांदा थोपटून, एका आजारी माणसाच्या भेटीला उशीर होत होता म्हणून, लगबगीनं निघून गेले.

इनायतला 'बसा' म्हणायचं होतं. वाचकांपैकी ज्यांनी 'बरं' असंच धरलं होतं, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनाही कामं आहेत, आणि इनायतचं वाक्य अजून संपलेलं नाही.