बजाबा साळिंदराची गोळी काही ठरेना

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. ज्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक आहे त्यांनीही गप्प बसावे. ठाऊक असूनही मोठी माणसे तसेच वागतात, म्हणून ती पुन्हा सांगावी लागते.

एका जंगलात साळिंदरांची वस्ती होती. जंगल कुठले ते विचारू नका. जिथे फणस आहेत, बिबटे आहेत आणि न विचारता सल्ला देणारी मंडळी आहेत, असे कुठलेही जंगल समजा.

साळिंदर तुम्ही पाहिले आहे का? पुढून पाहण्यासारखे त्यात काही नसते. बोथट नाक, बारीक डोळे आणि मऊ गळा. देवाने जे काही दिले ते सगळे पाठीवर दिले. हातहातभर लांब, काळेपांढरे, सुईसारखे काटे. म्हणून शत्रू आला की साळिंदर आधी त्याच्याकडे पाठ करते. मग काटे उभारते, खुळखुळ वाजवते आणि उलट्या पावलांनी थेट त्याच्या अंगावर धावून जाते.

त्यांच्या बिळालाही दोन तोंडे असत. झोपताना एका तोंडाशी नवऱ्याची पाठ, दुसऱ्या तोंडाशी बायकोची पाठ आणि मध्ये पिल्लू. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच आठवत नव्हते. पण बिबट्यांना ती पाठ होती. बिबट्याची आई बछड्यांना सांगे, "ससा खा, भेकर खा, काहीच नाही मिळालं तर बेडूक खा. साळिंदराच्या वाटेला जाऊ नका. मामाचं तोंड बघितलंत ना?" मामाच्या ओठातून एक काटा आरपार गेला होता आणि तेव्हापासून मामा पातळ पदार्थांवर होता.

तर अशी ही सुखी वस्ती. सुखी जिवाला एकच त्रास असतो, त्याला रिकामा वेळ फार असतो.

वस्तीत बजाबा नावाचे साळिंदर राहत होते. बायको हौसा आणि ठकी नावाचे पिल्लू. ठकीचे काटे अजून केसासारखे मऊ होते. ती दोघांच्या मध्ये झोपे आणि आईचे काटे मोजता मोजता घोरू लागे.

एके दिवशी वस्तीजवळ तरसाने दुकान टाकले. तरस बाहेरच्या मुलखात जाऊन आला होता. त्याने पाटी लावली: 'तरस आणि मंडळी. आत्मसंरक्षणाचे सर्व साहित्य मिळेल.' मंडळी कोण, हे कुणी विचारले नाही. तरसाचे पोट एरवी कशावर भरते, हेही कुणी विचारले नाही. मुलांनो, तुम्ही विचारत जा.

"या बजाबाराव," तरसशेठ म्हणाला. "बातमी कळली का? पलीकडच्या डोंगरात बिबट्याने साळिंदर नेलं."

"कुणाचं?"

"नाव कशाला हवं? उद्या तुमचं असेल."

बजाबा दुकानात आणखी आत सरकला.

"आणि एक विचारू का, राग नका मानू," तरसशेठ आवाज खाली आणून म्हणाला. "बिबट्या आला की तुम्ही काय करता? पाठ करता. सगळं जंगल हसतं हो. मर्द गडी शत्रूकडे तोंड करून उभा राहतो."

ही गोष्ट बजाबाच्या कधी लक्षातच आली नव्हती. त्याला एकदम लाज वाटली. आपले वडील, आजोबा, पणजोबा सगळे आयुष्यभर पाठ करून जगले आणि म्हातारे होऊन मेले, केवढी ही नामुष्की! तो तिथल्या तिथे पिस्तूल घेऊन घरी आला.

"हे काय आणि?" हौसाने विचारले.

"आता आपण तोंड देणार," बजाबा म्हणाला.

"कुणाला?"

"येईल त्याला."

पिस्तुलाबरोबर पट्टा होता. पण काट्यांमुळे तो कमरेवर बसेना. तरसशेठने आपुलकीने कमरेचे काटे कापून दिले. मग पिस्तूल उपसताना कोपर अडकू लागले, म्हणून पाठीचे कापले. मग कमरेला आणि पाठीला काटे नाहीत आणि शेपटीलाच आहेत हे बरे दिसेना, म्हणून तेही गेले. कापलेले काटे तरसशेठने झाडून, पुसून, पोत्यात भरून ठेवले. कापायचे काही घेतले नाही. माणूस मोठ्या मनाचा, म्हणजे तरस.

"आता गोळी कोणती देऊ?" तरसशेठने विचारले.

"म्हणजे? गोळीसारखी गोळी."

तरस हसला. तरसाचे हसणे तुम्ही ऐकले नसेल तर बरेच आहे.

"बजाबाराव, पिस्तूल काय, कुणीही घेतो. जीव वाचतो तो गोळीने. ही बघा गोल नाकाची, भरीव. बिबट्याच्या आरपार जाईल. पण पुढे जाऊन शेजारच्या सशाच्या घरात शिरेल. ही बघा पोकळ नाकाची. अंगात गेली की फुलते आणि आतच थांबते. ससा सुखी."

"मग हीच द्या."

"द्या काय? बिबट्याची लव त्या पोकळ नाकात अडकली तर ती फुलणार नाही. मग?"

"मग?"

"म्हणून तर विचार करायचा. त्यातही जड आणि हलकी. जड खोल जाते, पण पंजाला हिसका देते. हलकीचा हिसका कमी, पण बिबट्या जाडजूड निघाला तर? घाई नका करू. दोन्ही घेऊन जा."

बजाबा दोन्ही घेऊन घरी आला, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

वडाखाली रोज चर्चा भरू लागली. रानडुकराचे म्हणणे एकच होते, गोळी मोठी पाहिजे. किती मोठी? तर आहे त्याच्यापेक्षा मोठी. घुबडाने जन्मात चाप ओढला नव्हता, म्हणून त्याचे मत सर्वांत पक्के होते. ते म्हणे, "प्रश्न गोळीचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे." कुठले तत्त्व, असे विचारले की ते डोळे मिटून घेई. चार दिवसांत वस्तीत दोन तट पडले. गोल नाकवाले पोकळ नाकवाल्यांच्या घरचे पाणी पिईनासे झाले. सख्खे साडू बोलेनात. बिबट्याचे नाव मात्र कुणी काढीना, कारण तो विषय आता मागे पडला होता.

बजाबाने प्रयोग सुरू केले. भोपळ्यावर घोंगडी पांघरायची आणि गोळी मारायची. घोंगडी म्हणजे लव आणि भोपळा म्हणजे बिबट्या. भोपळ्याचे हाल झाले, पण निकाल लागेना. कधी पोकळ नाक फुलायचे, कधी घोंगडीचा बोळा घेऊन तसेच पुढे जायचे. हौसा त्या भोपळ्यांची भाजी करी. एकदा जेवताना ठकीच्या दाताखाली कचकन काहीतरी आले. तिने थुंकून पाहिले तर गोळी!

"फुललीय का बघ!" बजाबा ताटावरून उठत ओरडला.

हौसाने डोक्याला हात लावला.

"अहो, पोरीचा दात पडला असता."

"अगं, दात पुन्हा येतील. जीव येईल का? मी हे कुणासाठी करतोय?"

हे मात्र तो खरे बोलत होता. ठकीवर त्याचा फार जीव होता. रोज तिला मध्ये झोपवून तो बिळाच्या तोंडाशी पिस्तूल घेऊन बसे, आता बाहेर तोंड करून. त्याची उघडी पाठ ठकीच्या नाकाशी येई. मोजायला त्यावर काही उरले नव्हते. पोर नुसती टक्क जागी राहू लागली.

"एक सांगा," हौसा म्हणाली, "बिबट्याला मारायचाय का पळवायचाय?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"बरं बाई, नाही कळत. पण मी काही काटे कापायची नाही."

आणि एका संध्याकाळी बिबट्या खरोखर आला.

तो साळिंदरासाठी आला नव्हता. तो पाणी प्यायला चालला होता. पण वाटेत त्याला एक अजब गोष्ट दिसली. एक साळिंदर बिळाच्या तोंडाशी, त्याच्याकडे तोंड करून उभे होते. बिबट्याने जन्मात साळिंदराचे तोंड पाहिले नव्हते. तो जवळ आला.

बजाबाच्या उजव्या पंजात रिकामे पिस्तूल होते. डाव्या पंजात दोन गोळ्या होत्या, एक गोल नाकाची, एक पोकळ. तो एकदा हिच्याकडे पाही, एकदा तिच्याकडे.

"काय पाव्हणं," बिबट्याने विचारले, "काय चाललंय?"

"थांब जरा. गोळी ठरवतोय."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी."

"असं होय," बिबट्या खाली बसत म्हणाला. "मग मला दाखवा की. ही पोकळ काय करते?"

आता बजाबाला एक खोड जडली होती. गोळीचे कुणी विचारले की त्याच्याने गप्प राहवत नसे. तो समजावू लागला. अंगात शिरते, फुलते, पण लव अडकली तर पंचाईत. "तुझी लव या दिवसांत दाट असते का रे?" त्याने विचारले. "हात लावून बघा ना," म्हणत बिबट्या आणखी पुढे सरकला. त्याच्या मिशा बजाबाच्या गळ्याला लागल्या.

तेवढ्यात बजाबाच्या बगलेखालून खुळखुळ आवाज आला. हौसाने ठकीला आत ढकलले होते, पाठ फिरवली होती आणि उलट्या पावलांनी ती सुटली होती. पुढे काय झाले ते बिबट्यालाही नीट कळले नाही. तोंडभर काटे घेऊन तो मामाच्या नावाने बोंब मारत पळाला.

आवाज ऐकून वस्ती धावली. पाहतात तर समोर बजाबा, हातात पिस्तूल, आणि बिबट्या धूम पळतोय. हौसा आत ठकीला पोटाशी धरून बसली होती. ती कुणाला दिसली नाही.

"बजाबाराव, शाब्बास!" रानडुक्कर म्हणाले. "कुठली गोळी वापरलीत?"

बजाबा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "ती अजून ठरायचीय."

मग घुबड गहिवरून म्हणाले, "न ठरताच पळाला! ठरली असती तर काय झालं असतं!"

दुसऱ्या दिवशी तरसाच्या दुकानापुढे साळिंदरांची रांग लागली. पट्टे खपले, काटे कापले गेले, पोती भरली. आठवडाभरात तरसशेठने नवा माल काढला. गोळीच्या नाकावर काळापांढरा, टोकदार तुकडा बसवलेला. पाटीवर लिहिले: 'बिबट्यावर प्रत्यक्ष सिद्ध झालेली.' बिबट्याच्या तोंडातले काटे तरसशेठनेच चिमट्याने उपटले होते. शेजारधर्म म्हणून.

बजाबाने पहिला डबा आणला. हौसाने एक गोळी उचलून उजेडात धरली.

"अहो, हा माझा काटा आहे. टोकाशी वाकडा आहे बघा, ठकीच्या वेळेला वाकलेला."

"मूर्ख आहेस. हा डब्यातून आलाय."

हौसाला रडू आले. तिने पदर तोंडाशी धरला. साळिंदराला पदर कुठून आला, असे विचारू नका. रडणाऱ्या बाईला पदर असतो.

आता बजाबापुढे तीन गोळ्या होत्या. दोनात ठरत नव्हते, तिथे तीन. दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर हौसा ठकीला घेऊन कंद उकरायला निघाली. आपली पाठ आता तिथे नसणार, म्हणून तिने बिळाचे मागचे तोंड धोंड्यांनी बुजवले.

"हे धोंडे काढू नका हं," ती म्हणाली.

"काढतोय कशाला?" बजाबा म्हणाला.

पण ती गेल्यावर त्याने सागाचे पान पसरले, त्यावर गोळ्या ओळीने मांडल्या, आणि त्याच्या लक्षात आले की उजेड कमी पडतोय. बारीक नाके नीट दिसेनात. त्याने मागचे धोंडे काढले. छान उजेड आला. मग तो पुढच्या तोंडाकडे तोंड करून, छाती काढून, मर्दासारखा बसला आणि पहिली गोळी उचलली.

बिबट्या या वेळी एकटा नव्हता. मामा बरोबर होता. मामाने त्याला एवढेच सांगितले होते, "काळ बदललाय. आता मागून जायचं."

हौसा परतली तेव्हा सागाच्या पानावर गोळ्या तशाच ओळीने होत्या. पिस्तूल रिकामेच होते. बजाबा नव्हता. ठकी आत-बाहेर करून बाबाला हाका मारत राहिली.

हौसाने तिला आवाज दिला. पोरीला मध्ये घ्यायला आता दुसरी पाठ नव्हती. म्हणून तिने ठकीला भिंतीशी निजवले आणि स्वतः मागच्या तोंडाला पाठ लावली. पुढचे तोंड धोंड्यांनी बुजवले. ठकी पुन्हा काटे मोजू लागली.

वडाखाली शोकसभा झाली. तरसशेठ उशिरा आला. त्याचे पोट तट्ट फुगलेले होते आणि दुःखामुळे त्याला बोलवत नव्हते. घुबड म्हणाले, "बजाबारावांचा घात कशाने झाला, हे आपण ओळखलं पाहिजे." बरीच चर्चा झाली. अखेर एकमताने ठरले की घात उशिरामुळे झाला. गोळी आधीच ठरवायला हवी होती. कोणती, याविषयी सभा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावी असेही ठरले, आणि सगळी साळिंदरे आपल्या गुळगुळीत पाठी घेऊन घरोघर गेली.

तात्पर्य : संकटाला नेहमी तोंड द्यावे. तरसालाही पोट असते.