नव्या सायकलीचा दसरा

सायकल या विषयात आपल्याला कोणी काही शिकवू नये, असं शिरीष देवस्थळीचं स्वच्छ मत होतं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला दात येण्याआधी सायकल येते, असं तो म्हणे, आणि ऐकणारा आयरिश असला की त्यात थोडी भरही घाली. शेजारच्या डेक्लनने एकदा कुंपणावरून सहज विचारलं की डोंगरात कधी सायकल चालवली आहेस का. शिरीषच्या तोंडून निघून गेलं की दर रविवारी तो सायकलवरून सिंहगड चढायचा. मग सिंहगड म्हणजे काय ते सांगणं आलं. किल्ला, कडा, घोरपड, सगळं त्याने रंगवून सांगितलं. तो स्वतः गडावर गेला होता तो जीपने, पिठलं-भाकरी खायला, हे तेवढं राहून गेलं.

थाप मारायची त्याला हौस होती असं नाही. आयर्लंडमधल्या नावन गावच्या त्या वसाहतीत राहायला येऊन त्याला चार वर्षं झाली होती. सकाळी डब्लिनची बस, दिवसभर संगणकावर कोड, संध्याकाळी परतीची बस. शेजारी भले होते, हवेबद्दल भरभरून बोलत, पण 'ग्रँड', म्हणजे 'झकास', याच्या पुढे गाडी सरकत नसे. दर शनिवारी डेक्लन आणि त्याचे मित्र व्हॅनमध्ये सायकली घालून केल्स गावापलीकडच्या टेकड्यांत जात, चिखलाने माखून परत येत आणि अंगणात उभे राहून तासभर हसत. शिरीष ते खिडकीतून बघे. आपल्याला मित्र हवेत, हे चाळिशीच्या माणसाने सांगायचं तरी कुणाला? बायकोला, वृंदालाही त्याने सांगितलं नव्हतं. पण हवे होते, फार हवे होते. म्हणून डेक्लन जेव्हा म्हणाला, "मग शनिवारी ये की आमच्याबरोबर," तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याने डोंगरी सायकल आणली. जाड टायरांची, पुढे स्प्रिंगा असलेली, रुबाबदार. दुकानदाराने ब्रेकचं कौतुक करून सांगितलं. चाकाच्या मधोमध पोलादाची भोकाभोकांची चकती, ती ब्रेकने चिमटीत धरली की सायकल जागच्या जागी उभी. शिरीषने 'माहीत आहे' अशी मान हलवली.

आता दोन हजार सतरा साली दसरा आला शनिवारी, आणि शिरीषच्या सासूबाई, पद्मिनीबाई, वर्ध्याहून आल्या होत्या. दसऱ्याला घरात नवं वाहन, आणि ते पूजेशिवाय बाहेर पडणार? त्यांनी शुक्रवारीच सुपरमार्केटातली पिवळी शेवंती आणून हार ओवून ठेवला.

"आई, हार नको," शिरीष म्हणाला. "कुंकूही नको. ते लोक हसतील."

"काऊन हसतीन जी? नव्या गाडीले पूजेबिगर रस्त्यावर नेतेत का, जावईबापू?"

बरीच घासाघीस झाली. वृंदाने मध्ये पडून तोडगा काढला: पूजा करायची, पण बाहेरून दिसणार नाही अशी. पद्मिनीबाई समजूतदार होत्या. जावयाची लाज राखायची आणि देवाचंही राखायचं, असा त्यांनी विचार केला. सकाळी शिरीष अंघोळीला गेला तेव्हा त्या समईच्या उजेडात सायकलीपुढे बसल्या. हँडलला लावावं तर दिसेल, दांडीला लावावं तर दिसेल. मग त्यांना चाकांच्या मधोमध ती लखलखीत चकती सापडली. तारांच्या आड, कुणाच्या नजरेला न येणारी. जणू देवघरातली ताटलीच. पाण्यातलं कुंकू पोलादावर टिकेना, ओघळायला लागलं. म्हणून त्यांनी हळद-कुंकू साजूक तुपात कालवलं आणि पुढच्या चकतीवर स्वस्तिक, मागच्या चकतीवर स्वस्तिक, दोन्ही बाजूंनी, मायेने काढली. वर बोटाला उरलेलं तूप वाया नको म्हणून तेही तिथेच पुसलं.

शिरीष खाली आला. हार नाही, नारळ नाही, हँडल कोरं करकरीत. त्याला सासूबाईंबद्दल एकदम आदर वाटला. पाया पडून तो निघाला.

टेकड्यांवर आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. हिरव्यागार उतारांवर मेंढ्या, मधून दगडी कुंपणं, आणि त्यांच्यातून वळत जाणारी सायकलींची वाट. चढताना शिरीषला धाप लागली, फुप्फुसं तोंडात आली, पण तो मागे राहिला नाही. चढावर ब्रेकचं काम पडत नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. माथ्यावर दोन पाट्या होत्या, निळी आणि लाल. निळी सोपी, लाल अवघड. डेक्लनने शिष्टाचार म्हणून विचारलं की पहिल्याच दिवशी निळीने जायचं का. सिंहगडवाल्या माणसाला काय बोलणं भाग होतं ते तुम्हीच सांगा. "लाल," शिरीष म्हणाला.

बाकीचे एकामागून एक उतरले. शिरीष सगळ्यात मागे, म्हणजे पडलो तरी कुणी बघू नये. पहिल्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही, किंचाळली. पोलाद, तूप आणि कुंकू यांनी मिळून असा सूर लावला की कुंपणापलीकडच्या मेंढ्या पळत सुटल्या. त्याने दोन्ही ब्रेक मुठी पांढऱ्या होईस्तोवर आवळले. आवाज वाढला, वेग तेवढाच राहिला. मग वेगही वाढला.

पुढच्यांना मागून काहीतरी भयंकर किंचाळत येताना ऐकू आलं. वाट मागणारा इतका घाईचा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते मुकाट बाजूला झाले. शिरीष मराठीत ओरडत होता, "सरका, सरका, मेलो!" त्यांना वाटलं, ही सिंहगडावरची रणगर्जना. एका जागी वाट संपून खाली कमरेएवढा कडा होता. अनुभवी लोक तिथे थांबून, अंदाज घेऊन उडी घेत. शिरीष न थांबता, अंदाज न घेता, डोळे मिटून गेला. सायकलीनेच त्याला नीट खाली उतरवलं. शेवटच्या वळणाला तो वळलाच नाही. उघड्या फाटकातून सरळ शेतात शिरला, मेंढ्यांचा कळप दुभंगून गेला, आणि ओढ्याकाठच्या गुडघाभर चिखलात सायकल आसापर्यंत रुतली तेव्हा कुठे ती थांबली. त्याने हातपाय चाचपले. सगळे जागेवर होते.

मागून डेक्लन आला आणि बघतच राहिला. मग बाकीचे आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, एकाने पाठीत थाप घातली. लाल वाट ब्रेक न लावता उतरणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. पुढच्या शनिवारी याहून उभ्या डोंगरावर जायचं आणि शिरीषने पुढे राहायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. शिरीषला इतका आनंद झाला की त्याने "ग्रँड" म्हणून टाकलं. चार वर्षांत इतक्या माणसांनी त्याच्याकडे एकदम बघितलं नव्हतं.

सायकल धुऊन व्हॅनमध्ये चढवताना डेक्लनने चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. त्याने चकतीवर बोट फिरवलं. बोट लाल आणि तुपकट झालं. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे लोणी आहे. तुझ्या ब्रेकला कुणीतरी लोणी लावलंय," तो म्हणाला. "त्या दुकानदाराने विकताना बघितलं नाही? तू मेला असतास. थांब, मी आत्ता त्याला फोन करतो."

आणि त्याने खरंच फोन काढला. त्या लाल, तुपकट बोटावरून शिरीषला मात्र पूजा कुठे झाली ते उमगलं होतं. दुकानदाराला चार शिव्या बसल्या असत्या आणि शिरीष सिंहगडचा वाघ राहिला असता. फक्त गप्प बसायचं होतं. शिरीष जवळजवळ गप्प बसलाही. पण सकाळी समईपुढे बसून तुपात कुंकू कालवणाऱ्या सासूबाई त्याच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि दुकानदाराचा तो साधा चेहराही.

"दुकानदाराला नको," तो म्हणाला. "माझ्या सासूबाईंनी लावलंय. आज आमचा सण आहे, आम्ही वाहनांची पूजा करतो. उघड लावू नका असं मीच म्हणालो. तुम्ही हसाल म्हणून."

कोणी हसलं नाही. मग त्याने सिंहगडाचंही सांगून टाकलं, जीपसकट. व्हॅनमध्ये परतताना सगळे रस्त्याकडे बघत होते आणि डेक्लनने रेडिओ लावला. घरी येऊन शिरीषने झालं ते सांगितलं. पद्मिनीबाई जरा घाबरल्या, मग त्यांनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं. "ब्रेक नव्हते अन् खरचटलंबी नाई," त्या म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवायला गेल्या. शिरीष आठवडाभर मान खाली घालून बसस्टॉपवर गेला. फोनवर एकही निरोप आला नाही. संपलं, असं त्याने मनाशी मान्य केलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर डेक्लन, आणि त्याच्यामागे सगळे मित्र आपापल्या सायकली धरून ओळीने उभे. शिरीष धावत कपडे बदलायला वळला.

"सासूबाई आहेत का?" डेक्लनने विचारलं.

मग त्याने खुलासा केला. आठवडाभर त्यांनी यावरच चर्चा केली होती. गेल्या वसंतात त्याच वाटेवर डेक्लनचं खांद्याचं हाड मोडलं होतं, चांगले ब्रेक असताना. त्याची आई दर रविवारी व्हॅनवर तीर्थ शिंपडते, त्याने असा गुण आजवर आला नाही. जो माणूस आयुष्यात डोंगरावर सायकल चालवली नसताना, ब्रेक नसताना, त्या कड्यावरून खाली येऊन धडधाकट उभा राहतो, त्यात त्या माणसाचं कर्तृत्व असणं शक्य नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

पद्मिनीबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही. त्यांनी सायकलींची रांग लावून घेतली, पाहुण्यांना बूट काढायला लावले. शिरीषला काम मिळालं ते चकत्यांवर फडकी धरून बसायचं. हँडलला सगळ्यांना दिसेल असं ठसठशीत कुंकू लागलं आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही. मग प्रसाद, मग पोहे, मग आणखी पोहे. डोंगर राहिला बाजूला. घर दुपारपर्यंत हसण्याने भरून गेलं आणि शिरीष चहा गाळत होता, पण खुशीत गाळत होता.

निघताना डेक्लनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या शनिवारी त्यांना डोंगरावर घेऊन ये," तो म्हणाला. "व्हॅनमध्ये जागा उरली तर तूही ये."