चार लाख ओळींची मालकीण

सोमवारी सकाळी सव्वानऊला मारिट टेर्वोने एक बटण दाबलं आणि चार लाख ओळींना शिस्त लावली. बर्फ काढणाऱ्या गाड्यांनी कुठल्या रस्त्याने जावं हे ठरवणारा प्रोग्रॅम दुलुथ शहरातल्या त्या छोट्या कंपनीत बावीस वर्षं लिहिला जात होता, आणि प्रत्येकाने तो आपापल्या तऱ्हेने लिहिला होता. ओळीच्या सुरुवातीला कुणी दोन जागा सोडायचा, कुणी आठ. कंस कुठे उघडावा यावरून दोघेजण एका टेबलावर जेवत नसत. मारिटने त्यावर फॉर्मॅटर बसवला. आता कुणी काहीही लिहून जमा केलं की ते आपोआप एका वळणाचं होणार होतं. आजवर कंपनीत तिची ओळख प्रिंटर दुरुस्त करणारी एवढीच होती. त्यामुळे स्वतःच्या या पहिल्या कामगिरीवर ती इतकी खूश होती की सगळ्यांसाठी ब्लूबेरीचे मफिन घेऊन आली.

व्हर्लिन हाउगेनने मफिनला हात लावला नाही. कंपनीतला सगळ्यात जुना माणूस तो. प्रत्येक ओळीतलं बरोबरचं चिन्ह आधीच्या ओळीतल्या चिन्हाच्या बरोबर खाली यावं म्हणून बावीस वर्षं हाताने जागा मोजत आला होता.

"व्हर्लिन, आता ते हाताने करायची गरजच नाही," मारिट म्हणाली.

"गरज म्हणून कोण करत होतं, पोरी?"

शेवटी मालकीणबाई पॉलेट यांनी तोडगा काढला. तीन आठवडे वापरून बघा, मग सातही जण हात वर करून ठरवू. एकाचाही नकार आला तर फॉर्मॅटर काढून टाकायचा. तो एक कोण असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

भानगड मंगळवारी सुरू झाली. कुठली ओळ कोणी लिहिली हे संगणक सांगतो, आणि त्या सोयीचं नावच मुळी 'ब्लेम'. संगणकाचा हिशेब सरळ असतो: ओळीला शेवटचा हात ज्याचा, ओळ त्याची. चारही लाख ओळींना शेवटचा हात मारिटचा लागला होता. सकाळपासून जो तो तिच्या टेबलाशी येऊन विचारू लागला, हे असं का लिहिलंस? त्यातली एक ओळ तर ती तिसरीत असतानाची होती. तिने तसं सांगितलं, तर विचारणारा पडद्यावरच्या तिच्या नावाकडे बोट दाखवून उभा राहिला.

बुधवारपासून बाहेरचेही फोन तिच्याकडे वळवले जाऊ लागले. शेजारच्या गावाच्या बर्फगाड्यांचा मुकादम डेलबर्ट नीमी चांगलाच तापला होता. चौदा नंबरची गाडी कब्रस्तानाच्या रस्त्यावरून दर वेळी दोनदा जाते, हे कुठल्या शहाण्याने लिहिलंय, असं त्याने विचारलं. पॉलेटबाईंनी ती ओळ पुसून टाकायला सांगितली. मारिट धावत व्हर्लिनकडे गेली.

"हे का लिहिलं असेल हो?"

व्हर्लिन पाय पसरून मासेमारीचं मासिक वाचत होता. त्याने चष्म्यावरून बघितलं. "नाव तुझं आहे ना? मग तूच सांग."

मारिटला राग आला, आणि रागाच्या भरात माणूस बरीच कामं करून जातो. दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागल्यावर ती सरळ त्या चौदा नंबरच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. गाडीने कब्रस्तानाचा रस्ता साफ केला. सरोवरावरून वारा सुटला. वीस मिनिटांत रस्ता पुन्हा गुडघाभर बर्फाखाली गेला, आणि पलीकडच्या वृद्धाश्रमाची वाट बंद झाली. गाडी तिथून दुसऱ्यांदा गेली आणि वाट मोकळी झाली, तेव्हा ड्रायव्हरही चाट पडला. तो या हिवाळ्यातच नोकरीला लागला होता.

मारिटने तिथूनच डेलबर्टला फोन लावला. "ती ओळ राहणार," ती म्हणाली. "का ते समजून घ्यायचं असेल तर या इकडे, दाखवते." डेलबर्ट आला, त्याने पाहिलं आणि टोपी काढली. पॉलेटबाईंनाही तिने तेच ठणकावून सांगितलं. ओळ दुसऱ्या कुणाची आहे, हे सांगायचं तेव्हा तिच्या लक्षातच आलं नाही.

मग ती थांबली नाही. कोणी काही विचारलं की ती आधी चार ओळी मागच्या, चार पुढच्या वाचायची, नाहीतर सरळ त्या रस्त्यावर जाऊन उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात लोक विचारायला आले की ती मान वर न करता उत्तर देऊ लागली.

ठरल्याप्रमाणे सातही जण जमले. मारिटकडे तोवर इलाजही होता. एका फाईलमध्ये एक ओळ घातली की तिची ती साफसफाई संगणक हिशेबात धरणार नव्हता, आणि प्रत्येक ओळ ज्याच्या त्याच्या नावावर परत जाणार होती. हे ऐकून व्हर्लिन विरघळेल अशी तिला आशा होती. तिने ते सांगितलं.

व्हर्लिनने घसा खाकरला. "ते नको करूस."

"अहो, पण तुमची बावीस वर्षांची कामं तुमच्या नावावर परत येतील."

"तीन आठवडे माझा फोन वाजला नाही, पोरी. दोन रविवार सलग गोठलेल्या सरोवरावर बसून मासे पकडले. बायको विचारत होती, नोकरी गेली का म्हणून. आणि ती कब्रस्तानाची ओळ माझी. तिच्यासाठी मी तीन मालकांशी भांडलोय. तू ती पुसू दिली नाहीस. आता ती तुझीच."

त्याने हात वर केला. मग बाकीच्या पाचांनी केला, आणि तोही जरा घाईनेच. कुणालाच आपलं नाव परत नको होतं. सातवा हात मारिटचा. पॉलेटबाईंनी फॉर्मॅटर कायम झाल्याचं जाहीर केलं आणि नावांचं काय करायचं ते तिच्यावर सोडलं.

मारिट जागेवर आली. नावं परत करणारी ती एक ओळ पडद्यावर तयार होती, जमा करायची तेवढी राहिली होती. इतक्यात आणखी एका गावाचा फोन आला. पुलापाशी गाडी वळसा का घेते, हे लिहिणाऱ्या माणसाशी बोलायचं होतं.

मारिटने ती ओळ पुसून टाकली आणि खुर्चीत ताठ बसली.

"बोलतेय," ती म्हणाली.