मे सिएन्तो माल

आजारी पडायला भाषा लागत नाही; आपण आजारी आहोत हे दुसऱ्याला पटवायला मात्र चांगली भाषा लागते. म्हणून आमच्या सांगलीत मुलांसाठी स्पॅनिशचा वर्ग निघाला, तेव्हा पहिलाच धडा 'बरं वाटत नाही' हा ठेवला. (गावात अजून एकही स्पॅनिश डॉक्टर आलेला नाही. पण आलाच, तर आमची तयारी आहे.)

मराठीत याबाबत फार ढिलाई. कणकण, कसकस, मळमळ, कसंतरी. कशाला काही माप नाही. स्पॅनिशमध्ये एकच नेटकं वाक्य: 'मे सिएन्तो माल.' मला आजोबा म्हणणाऱ्या वर्गातल्या मुलांकडून ते मी रोज प्रेमाने घोटून घेत असे. दुसरीतल्या सईचे वडील मुकुल हळदीचे अडते. त्यांनी ते ऐकलं आणि समाधानाने म्हणाले, "सर, आधीचं काय कळलं न्हाई, पण पोरगी शेवटी मालावरच आली."

वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर जाण्याआधी सईने माझी बाही ओढली. "आजोबा, पोटात कसंतरी होतंय."

तिला मी समजावलं, की बाळ, हेच तर आपल्याला स्पॅनिशमध्ये सांगायचं आहे.

तिने सांगितलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, दोन्ही हातांनी पोट धरलेलं. असा अभिनय सांगलीने पाहिला नव्हता. टाळ्या थांबेनात. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं, या वेळी आवाजात कंपही होता. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी भावनेला पैकीच्या पैकी गुण दिले. पहिल्या रांगेतून तिची आई उमा मोबाइल धरून सांगत होती, "सई, वाकू नकोस गं, चेहरा दिसत नाहीये."

तेव्हा सई म्हणाली, "आई, मला घरी ने."

सभागृह हळहळलं. इतकी तयारी करून पोरगी ऐन वेळी मराठीवर घसरली. परीक्षकांनी जड मनाने दोन गुण कापले. सई स्टेजवरच आडवी झाली, तेही नियमात बसत नव्हतं. पण लहान मूल म्हणून सोडून दिलं.

हा वृत्तांत मी पुष्कळांना वाचून दाखवला. प्रत्येकाने एकच शंका विचारली: 'सिएन्तो'मधल्या 'न'चा उच्चार पुरता करायचा की अर्धा? तुम्हीही आत्ता मनात म्हणून पाहिलंत. छान जमलं.

अर्धाच करायचा. आणि सईचं विचारायचं राहिलं असेल, तर सलाईन चालू आहे.